एकाच खात्याची दोन घरे

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील एखादा जुना ब्लॉक विक्रीस निघाला म्हणजे दलालांच्या भाषेला भरते येते. उंच छत, प्रशस्त दिवाणखाना, समुद्रावर उघडणारी गोलाकार गॅलरी आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे भक्कम बांधकाम अशी वर्णने होतात व किंमत कोटींत सांगितली जाते. 2018 साली युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडील व्हिक्टोरियन इमारती आणि पश्चिमेकडील व मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारती, अशा एकूण 94 वास्तूंच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या मान्यतेविषयी आमची तक्रार नाही. या इमारती देखण्या आहेत आणि त्यांच्या देखणेपणात असंख्य अनामिक गवंडी, सुतार व बिगाऱ्यांचे श्रम आहेत. परंतु वारसा सांगायचाच, तर तो संपूर्ण सांगितला पाहिजे.

1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या राजवटीत मुंबई सरकारने 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' नावाचे खाते स्थापन केले. शहरात जागेची टंचाई होती, भाडी कडाडली होती. या खात्याने दोन कामे अंगावर घेतली. पहिले, बॅकबेचा समुद्र बुजवून सुमारे 1,145 एकर नवी जमीन निर्माण करणे. दुसरे, गिरणी कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधणे. एकाच खात्याच्या या दोन योजनांची फलश्रुती पाहिली म्हणजे वसाहती राज्ययंत्रणा कोणासाठी राबत होती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

समुद्रभरणीच्या योजनेत उधळपट्टी व गैरव्यवस्था इतकी माजली की, 'लॉइडचा मूर्खपणा' या नावाने ती कुप्रसिद्ध झाली. के. एफ. नरिमन यांनी हा गैरकारभार चव्हाट्यावर आणला. हार्वे नामक अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून नरिमन निर्दोष सुटले. संकल्पित क्षेत्रापैकी निम्मीही जमीन अखेर वर आली नाही. त्यातीलही मोठा वाटा लष्कराकडे गेला. उरलेल्या जमिनीचे भूखंड सरकारने भाडेपट्ट्याने दिले आणि 1930 नंतरच्या दशकात त्यांवर धनिक वर्गाच्या इमारती उभ्या राहिल्या. सार्वजनिक पैशाने समुद्र हटला; त्याच्या वाऱ्यावर मात्र मोजक्या कुटुंबांचा हक्क प्रस्थापित झाला.

दुसऱ्या योजनेची कथा याहून उद्बोधक आहे. कामगारांच्या घरांसाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. परंतु 50,000 खोल्यांपैकी जेमतेम 16,000 बांधून झाल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील 207 चाळी त्या याच. प्रत्येक चाळीत 80 खोल्या. खोलीचे क्षेत्रफळ 160 चौरस फूट. संडास व मोऱ्या मजल्यावर सामाईक. या काँक्रीटच्या कोंदट खोल्यांचे भाडे कामगाराला परवडत नसल्यामुळे त्या आरंभी मोठ्या प्रमाणात रिकाम्या पडल्या होत्या. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत सरकारला सत्याग्रही डांबण्यासाठी तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा वरळीच्या चाळींनाच तुरुंग बनविण्यात आले. सरकारी वास्तुशास्त्राला कामगाराची खोली आणि कैद्याची कोठडी यांत फारसा फेरबदल करावा लागला नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे!

मरीन ड्राइव्हच्या ब्लॉकचा आराखडाही असाच बोलका आहे. पुढच्या बाजूला लिफ्ट व संगमरवरी जिना. बऱ्याच इमारतींत मागच्या अंगाला नोकरांसाठी निराळा जिना. घर चालविणारे हात घराच्या दर्शनी भागात दिसू नयेत, याची तजवीज नकाशातच केलेली होती.

या इमारती उभ्या राहण्यापूर्वीची वर्षे गिरणगावात कशी गेली? 1928 साली सुमारे दीड लाख कामगारांनी लाल बावट्याखाली सहा महिने संप लढविला. 1929 साली त्यांच्या पुढाऱ्यांना मीरत खटल्यात गोवण्यात आले. 1934 साली वेतनकपातीविरुद्ध सार्वत्रिक संप झाला आणि त्याच वर्षी सरकारने कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली. मंदीचा भार कामगाराच्या पगारावर टाकला जात होता, त्याच दशकात समुद्रकाठी सिमेंटचे महाल चढत होते.

स्वातंत्र्यानंतर तरी हा हिशेब पुरा झाला काय? 1982च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. 1991च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते: एक मोकळ्या मैदानांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकांसाठी. 2001 साली राज्य सरकारने नियम बदलून पहिले दोन वाटे केवळ रिकाम्या जागेपुरते मर्यादित केले आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. सार्वजनिक हक्काची जमीन आक्रसली आणि चिमण्यांच्या जागी मनोरे आले.

14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या 160 चौरस फुटांत काढलेल्या माणसांचा हा आनंद आमचाही आनंद आहे. तो कोणाच्या कृपेचा नव्हे. रहिवाशांच्या दीर्घ चिकाटीचा तो विजय आहे. तथापि सावध राहणे अगत्याचे आहे. ही जमीन सरकारची, म्हणजे जनतेची आहे. तिच्यावर खुल्या विक्रीचे मनोरेही उठायचे आहेत. देखभालखर्च व कर यांचा बोजा न पेलवून मूळ रहिवासी दहा-वीस वर्षांत घर विकून दूरच्या उपनगरात फेकले गेले, तर पुनर्विकास म्हणजे हकालपट्टीचे सभ्य नाव ठरेल. भांडवलशाही घरांचा प्रश्न सोडवीत नाही, तो फक्त दुसरीकडे हलविते, असे एंगल्सने 1872 सालीच दाखवून दिले होते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. चाळींच्या जमिनीवरील विक्रीच्या उत्पन्नाचा संपूर्ण हिशेब जाहीर झाला पाहिजे. त्या उत्पन्नातून रहिवाशांच्या देखभालखर्चाचा कायम निधी उभारला पाहिजे. गिरणी कामगारांना व त्यांच्या वारसांना घरे मुंबईतच मिळाली पाहिजेत. शहरातील सरकारी जमीन यापुढे विकता कामा नये. तिच्यावर कष्टकऱ्यांना परवडणारी भाड्याची घरे बांधली पाहिजेत.

मरीन ड्राइव्हचे दर्शनी भाग जपावेत, जरूर जपावेत. परंतु ज्यांच्या घामावर ही नगरी उभी राहिली, त्यांना तिच्यात राहण्याचा हक्क हाही मुंबईचा वारसाच आहे. त्याचे जतन कोणतीही जागतिक संस्था करणार नाही; ते संघटित कामगार वर्गालाच करावे लागेल.