गडावरचा मुक्काम आणि घरी राहणारे माणूस



दिवाळी सरली, हवेत गारवा आला की दुर्गभ्रमणाच्या शिबिरांना बहर येतो. तंबूतील मुक्काम, शेकोटीभोवती रंगणारी इतिहासाची व्याख्याने आणि सकाळची गडफेरी या कार्यक्रमांत आता आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब सहभागी होऊ लागले आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामुळे किल्ल्यांविषयीचे कुतूहलही वाढले आहे. मात्र सामानाची बांधाबांध सुरू झाली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तुम्ही कशाला दगदग करता? घरीच आराम करा.’ हे वाक्य काठी घेऊन चालणाऱ्या वडिलांना, व्हीलचेअरवरील आत्याला किंवा दृष्टी अधू झालेल्या आजीला उद्देशून असते. त्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु ज्याच्याविषयी निर्णय होतो त्याला कोणी विचारलेले नसते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्याच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवन व मनोरंजनाचा विचार करताना मैदानी शिबिरे आणि साहसी उपक्रमांतील सहभागाचाही उल्लेख आहे. म्हणून आयोजकांकडे सोयींची विचारणा करताना आपण उपकार मागत आहोत, असा संकोच मनात ठेवू नये.

माझ्याकडे उपचार घेणारे एक निवृत्त इतिहास-शिक्षक आहेत. उमेदीच्या काळात त्यांनी विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या गडांवर नेल्या. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू अशक्त झाली. नातवाचे शिबिर पन्हाळ्यावर ठरले तेव्हा घरच्यांनी त्यांना वगळले. ते मला म्हणाले, ‘डॉक्टर, मला सज्जाकोठीचा जिना चढायचा नाही. पोराला तीन दरवाजा दाखवताना मी तिथे असलो पाहिजे, एवढेच.’ त्यांचा रक्तदाब नियंत्रणात होता, प्रकृती स्थिर होती. मुलाला बोलावून आम्ही तिघांनी बसून आखणी केली. ते गेले, दोन रात्री राहिले. अंधारबावीत ते उतरले नाहीत. इतर मंडळी उतरली तेव्हा ते बाहेर खुर्चीवर बसून राहिले. तीन दरवाजाची माहिती मात्र त्यांनीच सांगितली. ती आखणी आपल्यालाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देतो.

गड कोणता, हा पहिला प्रश्न

सारे किल्ले सारखे नसतात. पन्हाळ्यावर वस्ती आहे आणि गाडी थेट वर जाते. सिंहगडावरही गाडीरस्ता आहे. रायगडाला रज्जुमार्ग आहे. तथापि वर पोहोचल्यानंतरही पायऱ्या आणि उंचसखल वाट उरतेच. राजगडासारख्या गडाला चढणीवाचून पर्याय नाही. संरक्षित स्मारकाच्या आवारात रात्रीच्या मुक्कामाला सहसा मुभा नसते. त्यामुळे तंबू पायथ्याशी किंवा गडावरील खासगी जागेत असतात. ती जागा नेमकी कोठे आहे, गाडीपासून तंबूपर्यंत किती पावले चालावे लागते आणि जमीन मुरमाची, गवताची की खडकाची आहे, हे आयोजकांना आधीच विचारावे. शक्य असल्यास छायाचित्रे मागवावीत.

उताराचे प्रमाण एकास बारा असावे, असा संकेत आहे. म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. दोन फळ्या टाकून तीव्र उतार केला तर तो पायरीहूनही धोकादायक ठरतो. ऐतिहासिक बांधकामात खिळा ठोकता येत नाही. परंतु काढता-ठेवता येणारा लाकडी उतार आणि तंबूपर्यंत अंथरलेली घट्ट चटई यांनी बरेच काम होते.

उचलण्याआधी विचारा

मदतीच्या उत्साहात चार तरुण व्हीलचेअर उचलतात, हातांचे टेकू निसटतात आणि माणूस खाली येतो. सांगाड्याचा पक्का भाग कोणता, हे त्या व्यक्तीलाच विचारावे. ठिसूळ हाडांच्या वृद्धांना काखेत हात घालून ओढू नये. पक्षाघात झालेल्या व्यक्तीच्या अशक्त बाजूस साथीदाराने उभे राहावे. पायरी चढताना सशक्त पाय आधी टाकावा, उतरताना अशक्त पाय आधी. अंध व्यक्तीला ढकलू नये. तिला आपला कोपर धरू द्यावा. तसेच परवानगी असेल तेथे तोफ आणि दगडी चौकट हाताने पाहू द्यावी.

पाणी कमी पिणे हा उपाय नव्हे

शिबिरातील सर्वांत मोठी अडचण चढणीची नसते, ती शौचालयाची असते. रात्री अंधारात लांब जावे लागेल म्हणून अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, दुपारपासूनच पाणी तोडतात. परिणामी शरीरातील पाणी घटते, उभे राहताना रक्तदाब उतरून चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो आणि काहींना भ्रमही होतो. त्यापेक्षा घडीची कमोड खुर्ची सोबत न्यावी, तंबूत आडोसा करून लघवीचे भांडे ठेवावे आणि वाटेवर दिवा लावावा. लघवी वाढवणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

तंबूतील रात्र

जमिनीवरील गादीवरून उठणे गुडघ्यांना जड जाते. सुमारे दीड फूट उंचीची स्थिर खाट मागावी. व्हीलचेअरवरून सरकण्यासही ती सोयीची असते. तंबूच्या ताणदोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधाव्यात, म्हणजे रात्री पाय अडकत नाहीत.

ज्यांच्या पायांना संवेदना कमी आहे, म्हणजे जुना मधुमेह किंवा मज्जारज्जूची इजा असलेल्यांनी, शेकोटीपासून दूर बसावे आणि गरम पाण्याची पिशवी वापरू नये. भाजल्याचे त्यांना कळतच नाही. सतत बसून राहणाऱ्यांनी दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंगाचा भार बदलावा. स्वतःहून कूस बदलता येत नसेल तर रात्री सोबत्याने साधारण दर दोन तासांनी ती बदलावी. मज्जारज्जूला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालेल्या व्यक्तीचे डोके अचानक ठणकू लागले आणि चेहरा लाल होऊन घाम सुटला, तर तिला लगेच बसते करावे, घट्ट कपडे सैल करावेत, कॅथेटरची नळी मुडपली आहे का आणि मूत्राशय तुंबले आहे का ते पाहावे व तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. रक्तदाब धोकादायक पातळीवर गेल्याची ती खूण असू शकते.

श्रवणयंत्र दवापासून जपण्यासाठी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. कमी ऐकू येणारी माणसे बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून अर्थ लावतात. म्हणून शेकोटीच्या कार्यक्रमात वक्त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश हवा. रात्री धोक्याची सूचना देण्यासाठी त्यांना हलवून उठवणारा एक सोबती नेमावा.

औषधे आणि आणीबाणी

नेहमीची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागावीत. इन्सुलिन उन्हात किंवा थेट बर्फावर ठेवू नये. आजार, औषधे, ॲलर्जी आणि नातेवाइकाचा क्रमांक लिहिलेला कागद खिशात असावा. मोबाइलला रेंज कोठे मिळते, १०८ ची रुग्णवाहिका कोठवर येऊ शकते आणि रात्री एक गाडी राखून ठेवली आहे का, याची खातरजमा करावी.

थांबणे केव्हा योग्य?

अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, ताप असेल, शय्याव्रण उघडे असेल किंवा नुकतीच फीट आली असेल, तर यंदा बेत पुढे ढकलावा. मात्र हे प्रकृती तपासून ठरवावे. केवळ वय किंवा काठी पाहून ठरवू नये.

यंदा शिबिराचा अर्ज भरण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांसमोर बसा आणि विचारा : ‘तुम्हाला यायचे आहे का? काय असेल तर येणे सोपे होईल?’ नको, असे उत्तर आले तर त्याचा मान राखा. हो, असे उत्तर आले तर वरील प्रश्न एका कागदावर लिहा आणि निदान तीन आठवडे आधी आयोजकांना फोन करा.