आधी लेन्स, मग किंमत

अब्बांनी जमवलेल्या गझल-कव्वालीच्या सीडी कपाटात आहेत, त्या ऐकण्यासाठी जुना पण भारी प्लेअर घ्यावा का, असा प्रश्न पुष्कळ घरांत निघतो.

भारी प्लेअर म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून पाहू. सोनीचा पहिला सीडी प्लेअर १९८२ मध्ये जपानमध्ये विक्रीला आला. त्याच कंपनीचा १९९९ चा ‘एससीडी-१’ सुमारे २६ किलोंचा होता आणि अमेरिकेत त्याची किंमत ५ हजार डॉलर होती. असे यंत्र जन्मभर टिकेल, असे कुणालाही वाटेल.

जाड पत्रा आणि ट्रान्सफॉर्मर टिकतातही. पण तबकडी वाचतो तो लेझरचा छोटासा भाग, ज्याला दुरुस्तीवाले ‘लेन्स’ म्हणतात. वापराने लेझर मंदावतो, रबरी पट्टा सैल पडतो, वंगण वाळते. पट्टा आणि वंगण स्वस्तात होते. लेन्स मात्र त्या यंत्राला चालणारीच लागते. कंपनीने ती बनवणे थांबवले की महागडे यंत्र शोभेची पेटी होते. उलट, अनेक साध्या प्लेअरमध्ये वापरली गेलेली लेन्स सहज सापडते.

म्हणून आमचा सल्ला असा: पैसे देण्याआधी लेन्स मिळते का, हे दुरुस्तीवाल्याला विचारा. संगणकावर भरलेली एखादी सीडी शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवून पाहा; थकलेला लेझर तिथे लवकर अडखळतो. घरखर्चातून बाजूला काढलेला पैसा पेटीच्या वजनावर घालवू नका.