दारूची जमा आणि नांवेंची कोरी बाजू

दारूवरील कर सरकारच्या तिजोरीस केवढा आधार आहे, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. परंतु जमेची बाजू भरून नांवेंची कोरी ठेवलेली वही कोणता सावकार खरी मानील? व्यसनानें मन बिघडतें, आणि बिघडलेलें मन पुन्हां व्यसनाकडेच धांवतें. हा खर्च घरोघरचीं मुलेंबाळें सोसतात. चंद्रपूर जिल्ह्यांत २०१५ सालीं दारूबंदी आली, २०२१ सालीं उठली. पण दुकानास कुलूप घालणें म्हणजे रोग्यास औषध देणें नव्हे.

कायदा येथें आंधळा नाहीं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याचें ६४-अ कलम, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत स्वखुशीनें उपचार पत्करणाऱ्या व्यसनी मनुष्यास खटल्यापासून अभय देतें. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास तें काढून घेतां येतें. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें व्यसनजन्य मनोविकार आजारांत गणून उपचार हा हक्कच ठरविला. मग तो हक्क मागावयाचा कोठें?

आमचें सरकारास स्पष्ट सांगणें आहे कीं, दारूच्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा कायद्यानें बांधून प्रत्येक तालुक्यांत व्यसनमुक्तीचा दवाखाना व मनोविकारतज्ज्ञ द्यावा. आणि पकडलेल्या व्यसनी मनुष्यास ६४-अ कलम पोलिसांनींच समजावून सांगावें. ज्या हक्कास दवाखान्याचें दार नाहीं, तो हक्क कागदावरचाच होय.