सिनेमाचा सातबारा कुणाच्या नावावर?

आपल्या वस्तीतल्या दर दुसऱ्या पोराला आज डायरेक्टर व्हायचंय. व्हा. २०१३ साली नागराज मंजुळेचा 'फँड्री' आला, २०१६ साली 'सैराट' आला, आणि दगड भिरकावणाऱ्या हातांना कळलं की कॅमेराही धरता येतो. चांगलंच झालं. पण दोस्तांनो, सिनेमा-टीव्हीच्या धंद्याचा कायदा शिकायला तुमच्यातले कितीजण निघालेत? एक हात वर होत नाही. वकिली म्हटली की काळा कोट, सिनेमा म्हटला की क्लॅप. मधे जो पन्नास पानी, बारीक टाइपातला इंग्रजी कागद असतो तो शिकायला आपण गेलोच नाही. ज्यांची पोरं गेली ती आज आपल्या कथांची मालक होऊन बसलीत.

जमिनीचा सातबारा आपल्या बापजाद्यांच्या नावावर नव्हता. सिनेमालाही सातबारा असतो. कथा कुणाची, गाणं कुणाचं, कुणी कुणाला काय लिहून दिलं, ही साखळी जोडल्याशिवाय शहाणं चॅनल सिनेमा विकत घेत नाही. रिमेकचा हक्क वेगळा, डबिंगचा वेगळा, ओटीटीचा वेगळा. एकाच म्हशीचं दूध, शेण, वासरू, कातडं वेगवेगळं विकावं तसं. २०१८ साली 'सैराट'चा हिंदीत 'धडक' झाला, गोष्ट उदयपूरला गेली आणि जात पार पाण्यासारखी पातळ झाली. आपण निषेधाचे लेख पाडले. रिमेक विकताना 'जात काढता येणार नाही' असं कलम घालता येतं का, हा साधा सवाल मी वाचलेल्या एकाही लेखात नव्हता. मन्नू भंडारींनी तो वेगळ्या रीतीने विचारला होता. त्यांच्या 'आपका बंटी'वर सिनेमा निघाला, मोडतोड झाली, त्या कोर्टात गेल्या. १९८६ साली दिल्ली हायकोर्टानं मान्य केलं की हक्क विकला तरी मोडतोडीविरुद्ध लेखकाचं तोंड बंद होत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. भिंतीवर लिहून ठेवा.

आता गाण्यांचं बघा. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गीतकार-संगीतकारानं निर्मात्याकडून पैसे घेऊन गाणं केलं आणि उलट करार नसला, तर सिनेमातल्या गाण्याचा धनी निर्माता. तो निकाल पुसायला ३५ वर्षं लागली. २०१२ साली कायदा बदलला, जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी तो विषय लावून धरला. आता लिहिणाऱ्याचा आणि चाल देणाऱ्याचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा सही करूनही सोडता येत नाही. वारसाला देता येतो, कॉपीराइट सोसायटीला देता येतो, शेटला नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं. मुलूख लिहिला नसेल तर फक्त भारत. सही करताना जे माध्यम जन्मलंच नव्हतं त्याचं नाव करारात नसेल, तर ते माध्यम त्यात धरायचं नाही.

हे आपल्या किती शाहिरांना ठाऊक आहे? माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शाहिरानं कॅसेटच्या जमान्यात एका कंपनीला भीमगीतं उक्ती विकली. दर १४ एप्रिलला त्याचा आवाज चौकाचौकात घुमतो, मोबाइलवर वाजतो, आणि तो रॉकेलच्या जुन्या डब्यावर बसून ऐकतो. जुन्या करारांना नवा कायदा किती लागू पडतो यावर भांडण आहे. पण भांडायला वकील लागतो ना बाबा! घोषणा देऊन रॉयल्टी येत नाही.

आणि 'नफ्यात टक्के देतो' म्हणणाऱ्यापासून सावध. आधी वितरकाचं कमिशन, मग जाहिरात, मग व्याज, मग हापिसचा खर्च. उरलं तर तुझं. अमेरिकेत आर्ट बुकवाल्ड नावाच्या लेखकाची कल्पना पॅरामाउंटनं वापरली, १९८८ साली 'कमिंग टू अमेरिका' धो धो चालला, आणि कंपनी म्हणाली निव्वळ नफा शून्य. १९९० साली तिथल्या कोर्टानं नफ्याचं ते गणितच अन्यायाचं ठरवलं. हे गणित कुठल्या कवितेत सापडत नाही, ते पदव्युत्तर वर्गात शिकवतात.

कुठल्या वर्गात? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा मोठा दबदबा. १९६० साली प्रभातच्या जागेत उभी राहिली. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी सगळं आहे. कायद्याचा विभाग नाही. कलकत्त्याच्या सत्यजित राय संस्थेत निर्मितीची शाखा आहे. कायद्याच्या विद्यापीठांत बौद्धिक संपदेचा एलएलएम होतो. बाकी दुकानदारी. फी लाखांत, आणि मान्यता नसलेल्या डिप्लोम्याला भारत सरकारची शिष्यवृत्ती लागत नाही. म्हणजे ज्याच्या बापाचा स्टुडिओ आहे त्याचाच पोरगा स्टुडिओचा कायदा शिकणार. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांतून २०२२ साली भारतीय संस्कृती, इतिहास, समाज-अभ्यास हे विषय उडवले. आमच्या पोरांनी बाहेर जाऊन जातीवर बोलू नये ही व्यवस्था. मग धंद्याच्या कायद्यासाठी अर्ज भरा की. जातीचा अभ्यास करारांतही भरपूर होतो.

आपल्यातलेच काही कपाळाला आठ्या घालतील. 'तिथं शिकून पोरगा कंपनीचाच वकील होईल.' काहीजण होतील, खरंय. पाठ्यक्रमच मालकाच्या बाजूनं बसून लिहिलेला असतो. पण बाबासाहेब ग्रेज इनमध्ये शिकले तो कायदाही काही आपल्या भल्यासाठी लिहिलेला नव्हता. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' पुस्तकावरून जेधे-जवळकरांवर बदनामीचा खटला झाला, तेव्हा तोच कायदा हातात घेऊन बाबासाहेब त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यांना सोडवून आणलं. कलावंत असल्याचा माज आणि कागदाची भीती, दोन्ही एकाच अंगात घेऊन फिरणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

स्पॉटबॉय, लाइटमन, ड्रेसवाले आपलेच. १९८१ च्या कायद्यानं त्यांना लेखी करार सांगितला होता, २०२० च्या संहितेनं तो कायदा पोटात घेतला. सेटवर जाऊन विचारा, करार पाहिलाय का?

तोवर एवढं करा. वस्तीत कुणी गायक, लेखक, नट सही करायला निघाला तर दोन दिवस मागून घ्यायला सांगा. ज्यांच्याकडे जुने कागद आहेत त्यांनी झेरॉक्स घेऊन यावं. सगळी पानं आणा, सहीचं एकटं नको. मुदत आणि मुलूख आतल्या पानावर असतात.