रेशीम की सिल्क?

बँकेत असताना एक बाई दरमहा रिकरिंगचा हप्ता भरायला येत. लेकीच्या लग्नात रेशमी शालू घ्यायचा, एवढाच हेतू. मुदत संपली, शालू आला. पेढे द्यायला आल्या तेव्हा त्यांनी तो कौतुकाने उलगडून दाखवला. लेबलावर 'आर्ट सिल्क' असे छापले होते. बाईंना वाटले, आर्ट म्हणजे कलाकुसर! ते 'आर्टिफिशियल'चे लघुरूप आहे, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

रेशीम हा शब्द तरी मूळचा आपला कुठे? तो फारसी 'अब्रेशम'वरून आला. संस्कृतात किड्याच्या कोशापासूनचे ते कौशेय आणि चीनचे ते चीनांशुक. माल कशाचा आणि कुठला, हे नावच सांगे. मराठीने मग रेशीम असे आपलेसे केले की सोवळ्याला मुकटा आला आणि लग्नाची रेशीमगाठ झाली. धाग्यासाठी कोश उकळताना आतला जीव मरतो, हे ठाऊक असूनही.

'सिल्क' परका म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार ही की, झुळझुळीत दिसेल त्या कापडाला तो चिकटतो आणि गिऱ्हाईक गप्प बसते. अस्सल रेशमासाठी २००४ पासून 'सिल्क मार्क' आहे, तो अवश्य पाहावा. पण त्याआधी दुकानदाराला स्वच्छ मराठीत विचारावे, "हे किड्याचे रेशीम आहे का हो?"

त्या दिवशी मी गप्प बसलो. तुम्ही बसू नका.