सशाच्या औषधाआधी पिंजऱ्याचा तळ बघा



पाऊस लागला की ससेपालक सभासद एकच विचारतात, "पिल्लं हगतायत, पोट फुगलंय, औषध सांगा." औषध आहेच. पण आमचं मत स्पष्ट आहे: हा रोग बाटलीने नाही, पिंजऱ्याच्या तळाने आटोक्यात येतो.

रोगाचं नाव कॉक्सिडिओसिस. कोंबड्यांची रक्ती हगवण याच जातकुळीची, पण कोंबडीची सशाला लागत नाही. सशात एक प्रकार आतड्यात, दुसरा यकृतात. दूध तोडलेली एक ते तीन महिन्यांची पिल्लं जास्त दगावतात. मोठा ससा धडधाकट दिसतो, पण लेंडीतून रोग पसरवतो.

लेंडीतून पडलेली अंडी लगेच बाधत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन दिवसांत पिकतात, मग चाऱ्यातून पोटात जातात. म्हणून रोज लेंडी उचलली तर साखळी तुटते, आठवड्याने उचलून उपयोग नाही. आषाढात हिरडस मावळात अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथे कळकाच्या कामट्यांचा तळ कुठून वाळणार? फिनेलनेही ही अंडी मरत नाहीत. ससे बाहेर काढून उकळतं पाणी किंवा फ्लेमगन वापरा.

"जाळी परवडत नाही" म्हणाल. मग सगळ्या पिंजऱ्यांना नको, आधी फक्त पिल्लांच्या पिंजऱ्यांना तारेची जाळी लावा. पाय सोलू नयेत म्हणून आत एक छोटी फळी ठेवा, ती रोज धुऊन वाळवा. मेलेल्या पिल्लांचा हिशेब मांडा, जाळी स्वस्तच वाटेल.

आणखी तीन गोष्टी:
१. चारा जमिनीवर टाकू नका, टांगून द्या. ओलं गवत सुकवून घाला.
२. कुत्री हगतात त्या बांधावरचं गवत नको, त्यातून फीतकृमी येतो. सशाची कच्ची आतडी कुत्र्याला घालू नका.
३. कान खाजवणं, नाकावर-पायावर खपल्या दिसल्या तर खरूज समजा. तो ससा लगेच वेगळा करा.

सल्फाचं औषध मनाने देऊ नका. ताज्या लेंड्या डबीत घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, डोस डॉक्टर ठरवतील.

शेवटचं: तळ कोरडा होईपर्यंत नवीन माद्या आणू नका. जागा ओली असताना ससे वाढवले तर रोगच वाढतो, धंदा नाही. पटत नसेल तर बैठकीत बोला, पण आज संध्याकाळी पिंजऱ्याखाली हात घालून बघा.