रात्रीच्या ‘हाय’ला उत्तर कोणी द्यायचं?

परवा रात्री साडेअकराला वहिनींचा मोबाइल वाजला. दिवसभर डंकावरून चटणी कांडून आणणं, पाकिटं भरणं, घरातलं आवरणं करून त्या नुकत्याच पडल्या होत्या. उठल्या, चष्मा शोधला, मेसेज बघितला. मेसेज होता ‘हाय’. बास, एवढाच. त्यांनी लिहिलं, ‘नमस्कार, काय हवंय?’ पलीकडून काही नाही.

मी म्हटलं, "वहिनी, झोपा की आता. सकाळी बघू."

"सकाळपर्यंत टक्का खाली येतोय भाऊजी."

हा टक्का काय भानगड आहे ते आज सांगतो. पोस्ट मोठी आहे, पण आपल्या तासगाव-मिरज भागात आता घराघरातून कोण ना कोण ऑनलाइन काहीतरी विकतंय. त्यांनी तरी पूर्ण वाचा.

वहिनी आणि गल्लीतल्या दोघी मिळून हळद, बेदाणा, शेंगदाण्याची आणि कांदा-लसणाची चटणी विकतात. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, माल चांगला आहे, गिऱ्हाईक पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत आहे. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन बाजारात दुकान उघडलं. हिशेब आणि मोबाइलची कटकट माझ्याकडे. ॲपचं नाव घेत नाही, कारण हा एका कंपनीचा प्रश्न नाही.

त्या ॲपवर प्रत्येक दुकानाच्या नावापुढे एक आकडा दिसतो. आलेल्या मेसेजपैकी कितींना तुम्ही वेळेत उत्तर दिलं, त्याची टक्केवारी. ९० च्या वर असाल तर ‘लगेच उत्तर देतात’ असा हिरवा बिल्ला मिळतो. बिल्ला असला की गिऱ्हाईक विश्वासानं विचारतं. बिल्ला गेला की आपलं दुकान यादीत खाली सरकल्यासारखं वाटतं. ‘वाटतं’ म्हणतोय, कारण यादी कशी लागते हे ॲप कुठे नीट सांगत नाही. ‘वेळेत’ म्हणजे किती तासांत, तेही धड लिहिलेलं नाही. म्हणून वहिनी रात्री साडेअकराला उठतात.

आता मेसेज करतं कोण? मी एक आठवडा वही घेऊन बसलो आणि मोजलं. हा काही सर्व्हे नाही, एका दुकानाचा एक आठवडा आहे. एकूण मेसेज ५३.

खरं गिऱ्हाईक ९.
नुसतं ‘हाय’, ‘हॅलो’, ‘प्राइस?’ करून गायब झालेले ११.
कर्ज घ्या, फॉलोअर वाढवून देतो, जीएसटीचं काम करतो, तुमचं दुकान यादीत वर आणतो, असे जाहिरातवाले १४.
‘तुमचं खातं आज बंद होणार, या लिंकवर जा’ असे ६.
एकदम शे-दोनशे किलोची ऑर्डर, पण बोलण्यात काहीतरी खोट, असे ४.
घरबसल्या नोकरी, दुप्पट पैसे आणि ज्यांचा आमच्या हळदीशी काडीचा संबंध नाही असे ९.

म्हणजे शहाणपणानं वागून फक्त खऱ्या गिऱ्हाइकाला आणि ‘हाय’वाल्यांना उत्तर दिलं, तर ५३ पैकी २० झाले. जेमतेम ३८ टक्के! ॲपच्या लेखी ही बाई आळशी, गिऱ्हाइकाला विचारत नाही. आणि कर्जवाल्याला ‘नको हो’, नोकरीवाल्याला ‘धन्यवाद’, लिंकवाल्याला ‘ओके’ असं सगळ्यांना लिहीत बसली, तर शंभर टक्के. उत्तम विक्रेती!

भामट्याला उत्तर दिलं की आपला आकडा चढतो, आणि त्यालाही कळतं की या टोकाला माणूस जागा आहे, उत्तर देतो. मग पुढचे दहा मेसेज येतात. ज्याच्यापासून लांब राहा म्हणून बँक, पोलीस, सरकार सगळे बजावतात, त्याच्याशी बोलल्याबद्दल इथे मार्क मिळतात.

याची किंमत आम्ही मोजली आहे. दिवाळीआधी एकाचा मेसेज आला. लष्करी कॅन्टीनमधून बोलतोय, दोनशे किलो बेदाणा हवा, पैसे आगाऊ देतो. असा एखादा मेसेज वहिनींनी एरवी सोडून दिला असता. पण बिल्ला टिकवायचा म्हणून त्यांनी उत्तर दिलं, मग फोन आला, मग ‘खातं तपासायला आधी एक रुपया पाठवतो’ म्हणून खरंच एक रुपया आला. नंतर क्यूआर कोड आला. ‘हा स्कॅन करा, पिन टाका, पूर्ण रक्कम जमा होईल.’ मी त्या दिवशी बाजार समितीत होतो. संध्याकाळी आलो तेव्हा ९,८०० रुपये गेले होते. तिघींची दिवाळीची पाकिटं आणि बरण्या त्यातून यायच्या होत्या.

१९३० वर फोन केला, तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. वहिनी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मी त्या रात्री ॲप उघडून बघितलं. आमच्या नावापुढे आकडा होता ९७. हिरवा बिल्ला झळकत होता.

त्यानंतर त्या घाबरल्या. ओळखीचं वाटलं तरच उत्तर. महिन्याभरात ९७ चे ६१ झाले, बिल्ला गेला. त्याच काळात नाशिकच्या एका बाईंनी लग्नाच्या रुखवतासाठी चटणीची चाळीस पाकिटं विचारली होती. तो मेसेज कर्जवाल्यांच्या आणि नोकरीवाल्यांच्या गर्दीत चार दिवस तसाच पडून राहिला. दिसला तेव्हा त्यांनी दुसरीकडून घेतलं होतं. स्पॅमनं आधी पैसे नेले, मग बिल्ला नेला, मग गिऱ्हाईकही नेलं.

स्पॅमची तक्रार करायचं बटण ॲपवर आहे. ते दाबलं की मेसेज डोळ्यासमोरून जातो, पण टक्का जागचा हलत नाही. म्हणजे तो मेसेज स्पॅम होता हे मान्य, आणि तुम्ही त्याला उत्तर दिलं नाही हा तुमचा गुन्हाही मान्य!

‘अहो, नियम सगळ्यांना सारखाच आहे,’ असं कोणी म्हणेल. सारखा नाही. नुकतंच दुकान उघडलेल्या बाईला महिन्याला समजा वीस मेसेज येतात. एक राहिला की पाच टक्के गेले. तीन राहिले की ८५, बिल्ला गेला. ज्याला दोन हजार मेसेज येतात त्याचे तीन राहिले तर आकडा हलतसुद्धा नाही. शिवाय त्याच्याकडे उत्तरं द्यायला पगारी माणसं असतात, नाहीतर यंत्र असतं. कोणी काहीही लिहा, क्षणात ‘आपल्या संदेशाबद्दल आभार’. यंत्र झोपत नाही, सासऱ्यांना दवाखान्यात नेत नाही, मुलांचा डबा करत नाही. त्याला शंभर टक्के. आमच्या वहिनींना ६१.

रेटिंग नकोच असं माझं म्हणणं नाही. मी पण गिऱ्हाईक आहे. पैसे भरून आठ-आठ दिवस विक्रेता उत्तर देत नाही तेव्हा माझंही डोकं फिरतं. लांबच्या अनोळखी दुकानदारावर विश्वास ठेवायला काहीतरी खूण हवीच. पण विचारणाऱ्याला उत्तर दिलं का, हे मोजा. दारात येऊन जो ओरडेल त्या प्रत्येकाला उत्तर दिलं का, हे मोजू नका. पेठेतल्या दुकानदाराची पत आपण अशी ठरवतो का? दारावर आलेल्या किती फेरीवाल्यांशी तो बोलला, हे कोण विचारतं?

आणि हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे असंही नाही. ॲमेझॉनवर ग्राहकाच्या मेसेजला २४ तासांत उत्तर द्यावं अशी अपेक्षा आहे, सुट्टी असली तरी. पण ज्या मेसेजला उत्तराची गरज नाही त्याच्यावर तशी खूण करायची सोयही दिलेली आहे. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं. उलट बाजूला फेसबुकच्या पानांना मिळणारा ‘चटकन उत्तर देतात’ हा बिल्ला आठवा. त्याची अट होती आठवड्यात ९० टक्के मेसेजना उत्तर, आणि तेही सरासरी १५ मिनिटांत. पंधरा मिनिटांत! चुलीवर भाकरी टाकलेल्या बाईनं काय करायचं? हस्तकला विकणाऱ्या एट्सीनं २०२१ मध्ये ‘स्टार सेलर’ आणलं, तेव्हा पहिल्या मेसेजपैकी ९५ टक्क्यांना २४ तासांत उत्तर ही अट ठेवली. आकडा कडक आहे, पण निदान किती तास ते लिहिलेलं तरी आहे.

आता कायद्याकडे येऊ. आपल्याकडे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० पासून लागू आहेत. त्यात असं आहे की ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यानं माल किंवा विक्रेते यादीत वरखाली कशाच्या आधारे लावले जातात, त्यातल्या मुख्य गोष्टी कोणत्या आणि कशाला किती वजन, हे साध्या भाषेत, सगळ्यांना सहज दिसेल असं सांगायचं. ‘साध्या भाषेत’ हे नियमातच आहे. आता आपापल्या ॲपवर जाऊन हे शोधून बघा. सापडलंच तर मराठीत सापडतं का, तेही बघा.

त्याच नियमात ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, असंही आहे. चांगलंच आहे. पण ते ग्राहकासाठी. वहिनी ग्राहक नाहीत, विक्रेत्या आहेत. त्यांचा टक्का चुकीचा मोजला तर किती दिवसांत कोणी उत्तर द्यायचं, हे त्यात नाही. आम्ही तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा यंत्राचं आभाराचं पत्र आलं. गंमत बघा, आमच्याकडून शंभर टक्के उत्तर मागणाऱ्या कंपनीचा आमच्या बाबतीतला रिस्पॉन्स रेट शून्य! युरोपीय संघात जुलै २०२० पासून असा कायदा लागू आहे, जो खास ऑनलाइन बाजारात विकणाऱ्या छोट्या-मोठ्या धंदेवाल्यांसाठी आहे. खातं थांबवलं तर कारण लेखी द्यायचं, यादी कशी लागते ते सांगायचं, मोठ्या कंपन्यांनी विक्रेत्यांच्या तक्रारींसाठी आतली यंत्रणा ठेवायची. आपल्याकडे लाखो बाया आणि पोरं या बाजारात उतरली आहेत, त्यांच्यासाठी एवढं तरी हवं.

माझ्या मागण्या चारच आहेत.

एक, स्पॅम म्हणून खूण केलेला मेसेज टक्केवारीतून वजा करा. कोणी मुद्दाम खऱ्या गिऱ्हाइकाला स्पॅम म्हणत असेल तर त्याला पकडा, ते काम तुमचं.
दोन, दुकानाला वेळ असू द्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात लिहिलं असेल तर रात्रीचं घड्याळ बंद. कायमची नाही तरी आठवड्याची सुट्टी आणि घरातलं आजारपण धरा.
तीन, महिन्याला पन्नासच्या आत मेसेज असतील तर टक्का दाखवूच नका. ‘नवीन दुकान’ म्हणा.
चार, आकडा कसा काढला ते मराठीत सांगा आणि चुकला तर दाद मागायला माणूस द्या.

आपल्या भागातल्या खासदार-आमदारांनी आणि ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी हे वर पोचवावं. आणि बचत गटांना ऑनलाइन विक्री शिकवणाऱ्यांना एक विनंती. फोटो कसा काढायचा, पाकीट कसं सील करायचं हे शिकवता, त्यात एक तास या विषयालाही द्या.

तोवर विकणाऱ्यांनी काय करायचं? टक्का गेला तरी चालेल, पण लिंक उघडू नका. पैसे घ्यायला कधीही पिन लागत नाही, हे भिंतीवर लिहून ठेवा. आगाऊ एक रुपया आला म्हणून माणूस खरा ठरत नाही. मोठी ऑर्डर आली की घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. पैसे गेलेच तर लाजू नका, त्याच क्षणी १९३० लावा. जितका उशीर, तितकं अवघड.

आणि विकत घेणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगतो. नुसतं ‘हाय’ करू नका. काय हवं, किती हवं, कुठे हवं ते एका ओळीत लिहा. नको असेल तर ‘नको’ म्हणा, कोणी रागावत नाही. तुमच्या ‘हाय’च्या पलीकडे कोणीतरी झोपेतून उठलेलं असतं.

सध्या आमचा आकडा ८६ आहे. वहिनी पुन्हा कर्जवाल्यांना ‘नको हो’ लिहायला लागल्यात, त्यामुळे चढतोय. चार टक्क्यांनी बिल्ला परत येईल. काल मात्र मी आणि त्यांनी मिळून ठरवलं, रात्री आठनंतर मोबाइल कपाटावर. दुकानाच्या पानावर वेळ लिहून टाकली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बिल्ला नाही आला तर भाऊजी?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट लिहिली. तुम्ही विकत असाल तर एक आठवडा वही घेऊन मोजा, खरं गिऱ्हाईक किती आणि बाकीचे किती, आणि खाली लिहा. एका दुकानाचा आकडा कोणी ऐकणार नाही. शंभर दुकानांचे आकडे घेऊन गेलो तर कोणाला तरी उत्तर द्यावंच लागेल. वेळेत.